तराजूचा धर्म

श्रीमहाकालेश्वराचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारविले. तेथे दर्शनास येणारा यात्रेकरू दुसऱ्या दिवशी परततो. फसला तरी दाद मागण्यास त्याला सवड नसते. म्हणून त्याच्या वतीने शासनाने उभे राहणे अगत्याचे आहे. २००९ च्या वैधमापन कायद्यान्वये राज्याचा नापतौल विभाग वजनकाटे पडताळून त्यांवर शिक्का मारतो. २०२८ च्या सिंहस्थापूर्वी ही पडताळणी दुकानोदुकानी व्हावी.

परंतु विद्यार्थिमित्रांनो, शिक्का काट्यावर बसतो, मनावर नव्हे. पेढ्यांबरोबर खोक्याचेही वजन धरणारा हात आपल्याच घरचा असेल, तर प्रथम आपणच त्याला नम्रपणे अडवावे. पाहुण्याची फसवणूक ही साऱ्या नगरीची अप्रतिष्ठा होय.