जामीनदाराविना अडलेला उपचार

आमच्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याला कर्ज हवे असेल तर नुसता अर्ज पुरत नाही, जामीनदारही लागतो. शरीराचे रक्षण करणाऱ्या टी-पेशींचा व्यवहार काहीसा असाच चालतो. पेशीभोवतीच्या पातळ पटलात प्रथिने रोवलेली असतात. त्यांतील अनेकांचे एक टोक बाहेर, तर दुसरे आत असते. बाहेरच्या टोकाला समोरच्या पेशीवरील विशिष्ट प्रथिन भेटले की आत संदेश निघतो. तथापि एवढ्याने टी-पेशी हल्ल्यास सिद्ध होत नाही. पटलावरील दुसऱ्या प्रथिनाचाही दुजोरा लागतो. तो न मिळाल्यास ती निष्क्रिय होते. संरक्षकांनी आपल्याच निरोगी अवयवांवर तुटून पडू नये, यासाठी निसर्गाने घेतलेली ही खबरदारी आहे. कर्करोगाच्या पेशी अनेकदा तिचाच गैरफायदा घेऊन निसटतात.

यावर मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांनी देशी उपचार सिद्ध केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत एक नवे जनुक घालतात. त्यामुळे पटलावर एक घडवलेले प्रथिन उगवते. त्याचे बाहेरचे टोक बी-पेशींवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखते. आतल्या टोकात संदेश व दुजोरा दोन्ही एकत्र जोडलेले असतात. अर्जदार व जामीनदार जणू एकच! नेक्सकार-१९ या नावाच्या या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत, अन्य उपाय थकल्यावर तो देतात. भारतीय चाचण्यांत दहांपैकी सुमारे सात रुग्णांनी प्रतिसाद दिला. अर्थात तो निर्धोक नाही. तीव्र ज्वर व जंतुसंसर्ग यांचा धोका असतो, आणि काहींचा रोग उलटतोही.

आता किमतीचा प्रश्न. अमेरिकेत २०१७ साली मान्य झालेल्या अशाच पहिल्या उपचाराची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. आपला उपचार तीस ते चाळीस लाख रुपयांत होतो, म्हणजे सुमारे एक दशांश खर्चात. परंतु हळद आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या कुटुंबाला चार कोटी काय नि चाळीस लाख काय, दोन्ही सारखेच अप्राप्य! शिवाय मुंबई येथून रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून दूर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सर्वसाधारण मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, तो स्वागतार्हच होता. पण पाच लाखांत चाळीस लाखांचा उपचार कसा बसावा?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक साधा सिद्धान्त आठवील. जे संकट क्वचित येते पण आले तर घर बुडवते, त्याच्यासाठीच विमा असतो. मर्यादेशी थांबणारा विमा नेमका गरजेच्या टोकाला हात सोडतो. यावर आक्षेप असा की, जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधांची वानवा, तेथे एका रुग्णावर एवढा खर्च का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हा पैसा त्या केंद्रांच्या तरतुदीतून काढू नये. राज्याने स्वतंत्र निधी उभारावा, सर्व रुग्णांच्या वतीने एकत्रित खरेदी करून भाव पाडून घ्यावा, आणि रोग न हटल्यास रकमेचा काही भाग परत मिळावा, अशी अट घालावी. परिणामाशी मोबदला जोडण्याची तयारी त्या अमेरिकी औषधाच्या उत्पादकानेही २०१७ मध्ये दाखविली होती. आपल्या येथे तर संशोधन करणाऱ्या दोन्ही संस्था जनतेच्या पैशावर चालतात. अशी मागणी करण्याचा जनतेला अधिकारच आहे.

शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले. पेशीला दुजोरा देणारे प्रथिन त्यांनी घडविले. गरीब रुग्णाला जामीन राहण्याचे काम मात्र प्रयोगशाळेत होणार नाही. ते शासनाचेच आहे.