‘मॅडम, ग्लव्हज!’

डेंटिस्टच्या खुर्चीत आपण पार हेल्पलेस असतो ना? तोंड उघडं, डोळ्यांवर लाइट, बोलायची सोय नाही. पण कान मात्र फुल ऑन! ‘कापूस कुठे ठेवलास?’, ‘कितीदा सांगायचं तुला?’, ‘ए, बाहेरच्यांना थांबायला सांग’... दाताला ड्रिल लागायच्या आधीच कळतं, इथल्या मंडळींचं आपापसांत काही खरं नाही.

पुण्यात माझ्या एका मैत्रिणीचं क्लिनिक आहे. दोन डॉक्टर, दोन असिस्टंट, एक रिसेप्शनिस्ट आणि साफसफाईच्या मावशी. वर्षभरात तीन असिस्टंट सोडून गेल्या. पगाराचं कारण असेल, असं तिला वाटायचं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून तिने नियमांचं झकास लॅमिनेटेड पोस्टर लावलं. ‘नम्रपणे बोला’, ‘टीमवर्क ठेवा’ वगैरे. फरक? शून्य! कारण नम्र म्हणजे नक्की काय, हे सहा डोक्यांत सहा प्रकारचं. शिवाय नियम तिने केलेले, पाळायचे इतरांनी.

शेवटी एका शनिवारी दुपारी तिने शटर ओढलं, वडापाव मागवले आणि सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही. प्रश्न एकच : इथलं कोणतं वागणं तुम्हाला खटकतं? मी कोपऱ्यात बसून बघत होते. चिठ्ठ्या उघडल्या आणि मैत्रिणीचा चेहरा उतरला. ‘पेशंटसमोर ओरडतात.’ ‘उशीर डॉक्टरांमुळे, बोलणी मला.’ ‘मला ए म्हणू नका, नाव आहे.’

संध्याकाळपर्यंत पाच गोष्टी ठरल्या. सगळ्या डोळ्यांना दिसतील अशा.

एक, पेशंट खुर्चीत असताना कुणी कुणाला झापायचं नाही. जे काय बोलायचं ते नंतर, आत. दोन, पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला, तर डॉक्टरने स्वतः बाहेर येऊन सांगायचं. तीन, प्रत्येकाला नावाने हाक. मावशींनाही नाव विचारून. चार, कितीही गर्दी असो, ऑटोक्लेव्हची सायकल अर्ध्यात थांबवायची नाही. वाफेचं तापमान १२१ अंशांवर गेलं म्हणजे काम झालं असं नसतं, तिथे ते ठरलेला वेळ टिकावं लागतं. पाऊचमधल्या हत्यारांना तर साधारण अर्धा तास. तेव्हा कुठे चिवट जंतू मरतात.

आणि पाच, चूक दिसली की कुणीही ‘थांबा’ म्हणायचं.

इथे सगळे गप्प! ग्लव्हज घातलेल्या हाताने डॉक्टरने मोबाइल उचलला आणि तोच हात पेशंटच्या तोंडाकडे निघाला, तर बोलायचं कुणी? असिस्टंटने? नोकरी नकोय का तिला?

गंमत म्हणजे हा प्रश्न मोठमोठ्या ऑपरेशन थिएटरांनाही सुटत नव्हता. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. ती करणाऱ्या टीमचे म्होरके होते अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे. त्यांच्या वडिलांचं गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं, उमरखेडजवळचं. त्या यादीत एक साधीशी गोष्ट आहे : चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा नाव सांगितलं की पुढे तोंड उघडणं सोपं जातं, हा फंडा! नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. हे निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. पण कॅनडातल्या ओंटारिओत हीच यादी १०१ हॉस्पिटलांत लागू झाली, आणि २०१४ मधल्या अभ्यासात म्हणावा असा फरक दिसलाच नाही. वरून हुकूम आला म्हणून टिकमार्क करणं वेगळं आणि मनापासून पाळणं वेगळं, असं त्यावर अनेक जाणकारांचं म्हणणं पडलं. लॅमिनेटेड पोस्टर आठवतंय ना?

म्हणून मैत्रिणीने पाचव्या नियमाचे शब्दच ठरवून टाकले. असिस्टंटने म्हणायचं, ‘मॅडम, ग्लव्हज!’ बस्स, दोन शब्द. आणि डॉक्टरने त्यावर म्हणायचं, ‘थँक्स.’ खुलासा नाही, सबब नाही, नंतर टोमणा तर नाहीच. कागदावर सहाही जणांच्या सह्या, पहिली तिची.

दोन आठवड्यांनी भर गर्दीत, पेशंटच्या देखत, सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, ‘मॅडम, ग्लव्हज!’ मैत्रीण मला सांगत होती, ‘अगं, असा राग आला ना! पण सही माझीच होती. थँक्स म्हटलं आणि ग्लव्हज बदलले.’ त्या दिवशी मुलगी घाबरून सुट्टी होईपर्यंत तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर हजर!

तुमच्या ऑफिसात ड्रिल नसेल, पण चुकीच्या आकड्यांचं प्रेझेंटेशन क्लायंटकडे निघालेलं असतंच की. ते पाहून तुमच्या टीममधला सगळ्यात ज्युनिअर काय करतो? गप्प बसत असेल, तर पुढच्या मीटिंगला चिठ्ठ्या वाटा. आणि टीम लीड तुम्हीच असाल, तर पहिली सही तुमची. वडापावचं बिलही!