वारे कोणाच्याही अंगावरून जात नाही

जागतिक पक्षाघात दिन 29 ऑक्टोबरला नेहमीच्या थाटात पार पडला. पदयात्रा निघाल्या, टोप्या वाटल्या गेल्या आणि फलकांवर 'फास्ट' ही इंग्रजी आद्याक्षरांची युक्ती पुन्हा झळकली. फेस, आर्म, स्पीच, टाइम हे शब्द इंग्रजी जाणणाऱ्याच्या ध्यानात राहतील. पण ज्या घरात या आजाराला आजही 'अंगावरून वारे गेले' असेच म्हणतात, तेथे ही अक्षरे कोणाला काय सांगणार, हा प्रश्न आयोजकांना दरवर्षी पडत नाही, याचा संताप येतो.

वारे जात नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री पटल्यावरच, म्हणून घरच्या घरी ॲस्पिरिनची गोळी देणे हे धाडस नसून अविचार आहे. मोठी वाहिनी तुंबली की उपचाराविना दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असे गणित 2006 साली मांडले गेले. आपल्याकडे ती मिनिटे तेल चोळण्यात, अंगारा लावण्यात आणि 'जरा पडून राहा' या सल्ल्यात जातात.

चूळ भरताना पाणी ओठाच्या एकाच कोपऱ्यातून ओघळणे, पायातली चप्पल निसटूनही न कळणे, हातातला कप कलणे, जीभ जड होणे, समोरच्याचे साधे बोलणेही न उमगणे, एका डोळ्यापुढे अचानक अंधारी येणे: मराठीत सांगायचे ते एवढेच. यात बहुधा वेदना नसते, हीच खरी मेख; छातीत कळ आली की धावपळ करणारे घर तोंड वाकडे झाल्यावर मात्र सकाळची वाट पाहते. लक्षणे दहा मिनिटांत ओसरली, तर सुटकेचा निःश्वास टाकला जातो. वास्तविक रक्तपुरवठा तात्पुरता खंडित होऊन येणारा हा क्षणिक झटका मोठ्या झटक्याची वर्दी असू शकतो आणि पुढचे दोन दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात.

बरे, कुटुंबाने सारे ओळखून 108 क्रमांकावर फोन केला, तरी रुग्णवाहिका जेथे नेईल तेथे सीटी स्कॅन यंत्र नसेल, किंवा यंत्र असून रात्री तंत्रज्ञ नसेल, तर साडेचार तास रस्त्यातच संपतात. ही झाली यंत्रणेची बाजू; आता भाषेची. केंद्रीय मंत्रिमंडळाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मंजूर केला, तेव्हा ढोल वाजवणाऱ्यांना रेशन दुकानावर आणि एसटी स्थानकावर चार ओळींचा मराठी फलक लावणे जड का जावे? त्या फलकावर एक ओळ घड्याळाची हवी: रुग्ण धडधाकट दिसल्याची शेवटची वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात पहिल्या प्रश्नांत या वेळेचा प्रश्न असतोच आणि 'सकाळी उठले तेव्हा असेच होते' एवढेच उत्तर मिळाले, तर डॉक्टरांना आदल्या रात्री झोपण्याच्या वेळेपासून तास मोजावे लागतात.