स्वस्त इंजिनाची खरी किंमत

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोडा घ्यावयास आलेला जाणता मनुष्य प्रथम किंमत विचारीत नाही. तो जनावराचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून आणि मग दौडवून पाहतो. सौद्याची गोष्ट त्यानंतरची. हाच मनुष्य एखाद्या शाळेच्या खरेदी समितीवर जाऊन बसला, की त्याची ही पारख कोठे लोपते, कोण जाणे! तीन दरपत्रके समोर येतात, सर्वांत लहान आकड्याखाली रेघ ओढली जाते, आणि वस्तू खोक्यातून बाहेर निघण्यापूर्वीच देयक मंजूर होते.

खडू, बाके, कपाटे यांच्या बाबतीत या पद्धतीने होणारे नुकसान मर्यादित असते. निकृष्ट बाकावरही मूल बसू शकते. परंतु काही वस्तू अशा असतात की त्या एक तर काम करतात, नाही तर मुळीच करीत नाहीत. प्रतिकृती विमानांना बसवावयाची छोटी इंजिने ही त्या जातीची वस्तू आहे. विषय वरवर छंदिष्टांचा, किंबहुना श्रीमंतांच्या मुलांचा वाटेल. पण वस्तुस्थिती तशी नाही. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १९५० साली स्थापन झाली, तेव्हा पहिली दोन हवाई पथके मुंबई आणि कोलकाता येथे उभी राहिली. तेव्हापासून प्रतिकृती विमाने बनविणे व उडविणे हा छात्रांच्या शिक्षणाचा भाग होऊन राहिला आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. त्यात आता निवडलेल्या शाळांतील अटल प्रयोगशाळांची भर पडली आहे. त्या योजनेत शाळेला पाच वर्षांत मिळून वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. म्हणजे पैसा अगदीच नाही, असे कोणी म्हणू नये. तो कशावर आणि कसा खर्च होतो, हा प्रश्न आहे.

नंदुरबार जिल्ह्यापुरता हा प्रश्न अधिक बिकट आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे एकोणसत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी, आणि साक्षरतेचे प्रमाण चौसष्ट टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील आश्रमशाळेच्या मुलाला पुण्यामुंबईच्या मुलाप्रमाणे दुसरी संधी सहजी मिळत नाही. पुण्यातल्या मुलाचे इंजिन चालले नाही, तर तो रविवारी एखाद्या जाणत्या छंदिष्टाकडे जाऊन विचारील. धडगावच्या मुलाच्या हातात आयुष्यात एकदाच असे इंजिन आले आणि ते पन्नास वेळा पंखा फिरवूनही सुरू झाले नाही, तर तो काय समजेल? इंजिन वाईट आहे, असे तो समजत नाही. आपल्याला हे जमत नाही, असे समजतो. दरपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात हे नुकसान नोंदले जात नाही.

हे इंजिन म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. अडीच घनसेंटिमीटरचे इंजिन मुठीत मावते. ज्याला छंदिष्ट ‘डिझेल’ म्हणतात, त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल यांचे, बहुधा समभाग, मिश्रण त्यात जळते. ईथर कमी तापमानाला पेट घेते, म्हणून दट्ट्याने हवा दाबली की तेवढ्या उष्णतेनेच ज्वलन सुरू होते. डोक्यावरचा एक आडवा दांडा पिळून दाब कमीजास्त करावयाचा आणि एका सुईने इंधनाचा प्रवाह साधावयाचा. बस, एवढीच दोन नियंत्रणे. इंजिन नीट जमले, की पंखा मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात सहज जातो. हे मिश्रण खरेदी करताना कोणी विसरू नये. ईथरच्या वाफा अत्यंत ज्वालाग्राही असतात. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे तापतारेच्या इंजिनांना लागणारे मिथेनॉल तर सरळसरळ विष आहे. २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे शंभरांहून अधिक माणसे मिथेनॉलमिश्रित दारूने दगावली, हे विस्मरणात गेलेले नसावे. शाळेच्या कपाटात त्याचा डबा कुलपाविना ठेवणे म्हणजे बेजबाबदारपणाची परिसीमा होय. त्या मानाने एरंडेल हा आपला जुना परिचित. पहिल्या महायुद्धातील फिरत्या इंजिनांच्या विमानांतही वंगण म्हणून तेच वापरीत. एरंडाच्या उत्पादनात देशात अग्रेसर असलेला गुजरात तर नंदुरबारच्या वेशीवरच आहे.

आता स्वस्त आणि महाग यांतील फरक कोठे पडतो? बाहेरच्या चकाकीत नव्हे. या लहान इंजिनांपैकी बहुतेकांच्या दट्ट्याला कडी नसते. दट्ट्या आणि सिलिंडर एकमेकांत घासून असे बसवावे लागतात, की त्यांच्यामधील फट केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी राहील. फट जास्त झाली तर दाब टिकत नाही, आणि इंजिन गार असताना कसेबसे सुरू होऊन तापताच बंद पडते. फट कमी झाली तर ते जाम होते. ही घासणी हा खर्चाचा भाग आहे, कारण तिला एक तर उत्तम यंत्र लागते, नाही तर कुशल हात आणि वेळ. किंमत उतरवावयाची म्हटली, की पहिली कात्री येथेच लागते. नंतर घासणीचा खरड आत तसाच राहतो. कनेक्टिंग रॉडचे छिद्र तिरके जाते. सुईच्या बुडाशी हवा शिरते. यांतील एकही दोष खोक्यावरील चित्रात दिसत नाही.

तरीही स्वस्त म्हणजे वाईटच, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कॉक्स या कंपनीने १९५० च्या दशकापासून जेमतेम पाऊण घनसेंटिमीटरहून थोडे मोठे इंजिन लाखोंच्या संख्येने काढले आणि खेळण्यांतल्या विमानांतून ते शाळकरी मुलांच्या हाती दिले. किंमत बेताची, आणि तरी भरवसा चांगला. याचे मर्म एवढेच, की तेथे स्वयंचलित यंत्रांवर प्रत्येक सुटा भाग नेमक्या मापात निघे आणि नगसंख्या प्रचंड असल्यामुळे यंत्रांचा खर्च वाटला जाई. स्वस्ताई अचूकपणातून आली होती, अचूकपणाला फाटा देऊन नव्हे. सोव्हिएत संघाने दुसरा मार्ग धरला. तेथील इंजिने ओबडधोबड असली, तरी पायोनियर प्रासादांतील मुलांच्या विमानमंडळांना कार्यशाळा आणि शिकविणारा मनुष्य यांची जोड असे. इंजिन बिघडले तर ते तेथेच खोलले जाई.

आपल्या देशात कोलकात्याच्या ‘अरोरा’ इंजिनांनी या क्षेत्रात नाव मिळविले. इंग्लंडच्या मिल्स कंपनीने १९४६ मध्ये बाजारात आणलेल्या १.३ घनसेंटिमीटरच्या डिझेलची आणि तिच्या धाकट्या भावंडाची नक्कल भारतात झाली, आणि ती इंग्लंड-ऑस्ट्रेलियातील छंदिष्टांनीही विकत घेतली. मूळ इंजिन दुर्मिळ झालेले आणि ही नक्कल स्वस्त. त्यांच्यात तिची ख्याती अशी, की सगळे नग सारखे निघत नसत. एखादे पहिल्याच झटक्याला सुरू होई. दुसरे खोलून, धुऊन, पुन्हा घासून घ्यावे लागे. मात्र ज्याच्याजवळ लेथ होता आणि हात होता, त्याला हा सौदा परवडला. कित्येकांनी तर त्याला अर्धवट तयार संच मानूनच तो घेतला. माझ्या मते या एका उदाहरणात सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. स्वस्त इंजिन हे कारागिराच्या दृष्टीने स्वस्त असते. ज्याच्या जवळपास कारागीर नाही, त्याच्या दृष्टीने ते महागच होय.

हिशेबच करावयाचा तर तोही करू. समजा, दोन हजार रुपयांची दहा इंजिने घेतली आणि त्यांतली चारच नीट चालली. मग चालत्या इंजिनाची किंमत पाच हजार झाली. चार हजारांची पाच घेतली असती आणि पाचही चालली असती, तर त्याच वीस हजारांत एक चालते इंजिन अधिक पदरात पडले असते. शिवाय सहा बंद इंजिनांवर शिक्षकाने घालविलेल्या तासिका, सुट्या भागांसाठीचा पत्रव्यवहार, सुरत-भुसावळ मार्गाने पार्सल पाठवून परत येईपर्यंत निघून गेलेले सत्र यांचा हिशेब वेगळाच. आणि बोटे? न सुरू होणाऱ्या इंजिनाचा पंखा मुलगा अधिकाधिक जोराने, अधिकाधिक जवळून फिरवू लागतो. ते अचानक सुरू झाले, की बोट कापते. भरवशाचा प्रश्न हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. विजेच्या मोटारी आल्यावर ही धुराची, तेलाची कटकट हवीच कशाला? ब्रशविरहित मोटारीत झिजण्यासारखे फारसे काही नाही, ती कळ दाबताच फिरते, वासही नाही. केवळ विमान उडविणे हाच हेतू असेल, तर मीही वीजमोटारच सुचवीन, आणि तेथेही स्वस्ताईचा सापळा आहे, हे सांगून ठेवीन. कारण त्या खेळातील जोखीम आता लिथियमच्या बॅटरीत जाऊन बसली आहे. हलक्या प्रतीची बॅटरी फुगते, क्वचित पेटतेही. पण मुलाला यंत्र समजावे, हा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. वीजमोटार बिघडली तर फेकून देतात. इंजिन बिघडले तर खोलतात. दाब, घर्षण, वंगण, उष्णतेने होणारे प्रसरण हे पाठ्यपुस्तकातील सारे शब्द त्या मुठीएवढ्या धातूत प्रत्यक्ष हाताला लागतात. शेतातला पंप किंवा मोटारसायकल दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसांची या जिल्ह्याला गरज आहे, आणि पुढेही बराच काळ राहील. ल्यूनाचे आणि चेतक स्कूटरचे दोन फटक्यांचे इंजिन ज्यांनी उघडले, त्या जुन्या मिस्त्रींना हे छोटे इंजिन पाहताच ओळखीचे वाटेल.

कायद्याची अडचण सांगितली जाते, तीत फारसा अर्थ नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या पंचवीस किलोपर्यंतच्या दूरनियंत्रित प्रतिकृतींना प्रकार-प्रमाणपत्राच्या सक्तीतून वगळले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, पण सुट्या भागांवर नाही. अर्थात निषिद्ध क्षेत्रे, विजेच्या तारा आणि गर्दी यांपासून दूर राहण्याचे बंधन आहेच, आणि ते असावे.

तेव्हा करावे काय? खरेदीचे नियम कमीत कमी दराचा आग्रह धरतात, हे खरे; पण तो दर तांत्रिक निकषांत बसणाऱ्या मालातला असतो, आणि निकष लिहिणे समितीच्या हातात आहे. दरपत्रके मागविताना ‘प्रत्येक इंजिन समितीसमोर गार अवस्थेत सुरू करून सलग पाच मिनिटे चालवून दाखवावे, बंद करून गरम असतानाच पुन्हा सुरू करावे, मगच नग स्वीकारला जाईल’ एवढे एक वाक्य घातले, तरी निम्मा कचरा दारातूनच परत जाईल. दर पाच इंजिनांमागे दट्ट्या-सिलिंडरची एक जोडी, सुई आणि पंखे मागून घ्यावेत. सगळ्या शाळांनी एकाच जातीचे इंजिन घ्यावे, म्हणजे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालतील. आज प्रत्येक मुख्याध्यापक आपापल्या ओळखीच्या दुकानदाराकडे जातो, त्यात कोणाचेच भले होत नाही. माहितीपुस्तिका मराठीत हवी, आणि ती विक्रेत्याकडून येणार नसेल तर एखाद्या विज्ञान शिक्षकाने लिहावी. आठ पानांचे काम आहे.

मात्र यांपैकी काहीही कारागिराशिवाय पुरे पडणार नाही. नंदुरबारला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, तंत्रनिकेतन आहे. तेथे लेथ आहेत आणि फिटरचे काम शिकणारी मुले आहेत. त्या मुलांना सरावासाठी लोखंडाचे चौकोन घासावयास देतात. त्याऐवजी वर्षातून दोनदा जिल्ह्यातील शाळांची बंद पडलेली इंजिने त्यांच्यापुढे ठेवावीत. घासणीचे याहून कठीण आणि याहून चोख परीक्षण दुसरे नाही, कारण परीक्षक गुण देत बसत नाही, इंजिनच निकाल देते. ज्या आश्रमशाळेचे इंजिन असेल, तिथल्या दोन मुलांनी ते घेऊन यावे आणि दुरुस्ती होईपर्यंत बाजूला उभे राहून पाहावे. प्रवासभाड्याची तरतूद प्रयोगशाळेच्या वार्षिक खर्चातून होऊ शकेल. पुढील शैक्षणिक वर्षाची खरेदी निघण्यापूर्वी जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि ही प्रशिक्षण संस्था यांनी एकत्र बसून एवढे ठरविले, तर त्यासाठी नव्या शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.