कुपीत न मावणारी देवी

आज पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या हातावर देवी टोचल्याचा वण आहे. त्यांच्या मुलांच्या दंडावर वण असलाच तर तो बीसीजीचा. १९७७ साली सोमालियात देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला, १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने उच्चाटन जाहीर केले आणि टोचणे थांबले. विषाणू अधिकृतपणे उरला तो अटलांटा आणि रशियातील कोल्त्सोवो येथे, गोठवलेल्या कुप्यांत.

या कुप्या नष्ट करण्यासाठी १९९३ची अखेर ठरली होती. ती टळली. मग १९९९चा मुहूर्त, तोही टळला. नष्ट करा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटे: डीएनएची लिपी उतरवून ठेवली की कुपी हवी कशाला? सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरांची ती लिपी १९९३ साली प्रसिद्धही झाली. भारतात १९६७ साली मिळालेल्या वाणाचीही लिपी त्यात आली.

पण जे वाचता येते ते पुढेमागे लिहिताही येते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड इव्हान्स यांच्या गटाने कंपनीकडून मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून घोड्यांच्या देवीचा विषाणू जिवंत उभा केला. २ लाख १२ हजार अक्षरे, खर्च सुमारे एक लाख डॉलर. निबंध २०१८ साली छापून आला. हेतू अधिक सुरक्षित लशीचा होता, आणि तो खोटा मानण्याचे कारण नाही. देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूत रेबीजचे जनुक बसवून, ती लस आमिषातून चारूनच बेल्जियम आणि फ्रान्समध्ये कोल्ह्यांचा रेबीज हटवला गेला. अशा विद्येला बंदी घालणे करंटेपणाचे ठरेल.

कुप्या मात्र जाळाव्यात, असेच आमचे मत आहे. १९७८ साली बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेतून निसटलेल्या विषाणूने जॅनेट पार्कर यांचा बळी घेतला, हे विसरता येत नाही. पण तेवढ्याने भागणार नाही. त्या दोन प्रयोगशाळांबाहेर कोणीही या लिपीच्या २० टक्क्यांहून अधिक डीएनए बाळगू नये, असा आरोग्य संघटनेचा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही, हे पाहण्याची खरी जागा म्हणजे डीएनए विकणाऱ्या कंपनीचा मागणी-विभाग. काही कंपन्यांनी २००९ साली संघ स्थापून मागण्या तपासायला सुरुवात केली, पण स्वेच्छेने. संघाबाहेरच्यांवर ते बंधन नाही. साध्या झोपेच्या गोळीला दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागावी, असा आपल्याकडे कायदा आहे. इथेही प्रत्येक विक्रेत्याला तशी सक्ती हवी. संशोधकांची मागणी त्यामुळे चार दिवस अडेल. अडू द्यावी.