‘त्याला आजीजवळ ठेवा!’

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्या घराघरांतून वेळांकण्णीचे, गोव्याचे बेत आखले जातात. ज्या घरात एखादे विकलांग मूल आहे तेथे मात्र बेताआधीच प्रश्न उभा राहतो, ‘याचे काय करायचे?’ नातलग, शेजारी आणि कधी कधी आम्ही धर्मगुरूसुद्धा शहाजोगपणे सांगतो, ‘त्याला आजीजवळ ठेवा. उगाच त्याचे हाल कशाला?’ या दयेचा मला निषेध करावयाचा आहे. मुलाच्या हालांचे कारण आपण पुढे करतो. वस्तुतः आपल्याला आपलीच गैरसोय टाळावयाची असते.

ही वृत्ती घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये जीजा घोष या कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, एवढ्यावरून आसनावर बसलेल्या असताना त्यांना विमानातून उतरविण्यात आले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई देवविली. तरीही मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका विकलांग मुलाला, तो घाबरलेला आहे म्हणून, विमानात चढू दिले नाही. आईवडीलही मागे राहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीला ५ लाख रुपये दंड केला.

कोणी विचारील, ‘इतर प्रवाशांच्या सुरक्षिततेचे काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नियमातच आहे. जुलै २०२२ मध्ये सुधारलेल्या नियमानुसार केवळ अपंगत्वामुळे कोणालाही प्रवास नाकारता येत नाही. उड्डाणात प्रकृती बिघडेल अशी शंका आल्यास डॉक्टरांनी प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून स्पष्ट मत द्यावयाचे असते. त्यानंतरही नकार द्यावयाचा झाल्यास तो कारणासह लेखी द्यावा लागतो. काउंटरवरील कर्मचाऱ्याला वाटलेली भीती हे कारण होऊ शकत नाही.

म्हणून आईबापांनो, तिकीट काढतानाच व्हीलचेअरची व मदतीची मागणी नोंदवा. निदान ४८ तास आधी तरी कळवाच. व्हीलचेअर बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरीचा प्रकार सांगा. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. मुलाला गर्दीची, आवाजाची धास्ती असेल तर विमानतळावर लवकर पोहोचा व आधी चढू देण्याची विनंती करा. नकार मिळालाच तर हुज्जत घालण्यात वेळ न दवडता लेखी कारण मागा.

आणि आपण उरलेले? कफर्णहूमात चौघांनी आपल्या पक्षाघाती सोबत्याला येशूपुढे नेण्यासाठी घराचे छप्पर उघडले. ‘याला घरीच राहू द्या’ असे ते म्हणते, तर साऱ्यांचीच सोय झाली असती! आपल्या धर्मग्रामाची पुढली सहल ठरेल तेव्हा बसच्या पायऱ्या किती उंच आहेत ते आधी पाहा, आणि यादीत त्या मुलाचे नाव पहिले लिहा.