सेल लागला म्हणून गेम घ्यावा का?



सुट्टी लागली की नातवंडांचा गेमसाठी हट्ट सुरू होतो. दर वेळी नाही म्हणू नये आणि दर वेळी पाकीटही उघडू नये. माझ्या मते वर्षाची एक रक्कम ठरवून मुलांच्या हाती द्यावी. निवड त्यांची, पण पैसे संपले की संपले.

निवडायला मात्र आपण शिकवावं. समजा, सहाशेचा गेम तीस तास खेळला, तर तासाला वीस रुपये पडले. सेलमध्ये दोनशेला घेतलेला तासाभरात कंटाळून सोडला, तर तो दोनशेलाच पडला. मग स्वस्त कुठला? 'फुकट' म्हणवणारे मोबाइल गेम तर आत शिरल्यावर कपडे नि हत्यारं विकतात. त्या खर्चाला तळ नसतो.

नवी पेठेत साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो ना? 'स्टीम'वर घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर १४ दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. मुलांना हे सांगून ठेवा.

थांबण्यातही तोटा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला. आज घेतला तरी त्यातली गोष्ट तीच आहे.

आपल्याकडे परिग्रहाला मर्यादा घालायला सांगितलंय. न खेळता साठवलेले गेम हासुद्धा परिग्रहच. म्हणून घरात एकच नियम ठेवावा: हातातला पूर्ण झाल्याशिवाय नवा घ्यायचा नाही.